प्राथमिक शिक्षक व्हायचंय? पदविका, पात्रता आणि नेमणूक

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आज सभागृहात तीन प्रकारचे लोक बसलेत, असं दिसतंय. पुढच्या रांगेत बारावी झालेली मुलं-मुली आणि त्यांचे आईवडील. मधल्या रांगांत डी.एड. करून बरीच वर्षं झालेले, 'भरती कधी?' एवढाच प्रश्न घेऊन आलेले तरुण. आणि मागच्या रांगांत नोकरीत असलेले गुरुजी आणि बाई, ज्यांना वीस-पंचवीस वर्षं शिकवून झाल्यावर आता पुन्हा परीक्षेला बसायची वेळ आली आहे. तिघांचे प्रश्न वेगळे वाटतात. पण मूळ एकच आहे: पहिली ते पाचवीच्या मुलांपुढे उभं राहायचा अधिकार माणसाला कशाने मिळतो?

आम्ही अध्यापक विद्यालयात शिकवणारी माणसं. आमच्याकडे दरवर्षी हेच प्रश्न येतात. त्यातला घोळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असतो. पदविका, पात्रता आणि नेमणूक या तीन गोष्टींची लोक गल्लत करतात. 'डी.एड. झालं म्हणजे मास्तर झालो' असं एक काळ म्हणता येत होतं. आज तसं नाही. तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर वेगळी गोष्ट तपासली जाते. एवढं एक नीट डोक्यात बसलं, तरी आजचं व्याख्यान सार्थकी लागलं असं आम्ही समजू.

फायनल पासपासून आजपर्यंत

थोडं मागे जाऊ. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर होऊ शकत होता. गावात त्याला 'फायनल पास' म्हणून मान असे. मग पी.टी.सी. आली. जुन्या गुरुजींच्या नावापुढे 'सीनिअर पी.टी.सी.' लिहिलेलं तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. त्यानंतर मॅट्रिक आणि डी.एड., पुढे बारावी आणि डी.एड. आता त्याच डी.एड.ला आपण डी.एल.एड. म्हणतो, म्हणजे प्राथमिक शिक्षण पदविका.

हे सांगायचं कारण असं की, शिक्षकाची किमान पात्रता दर पिढीत वर सरकत आली आहे. आजच कुणीतरी अन्याय म्हणून ती वाढवली, असं नाही. आणि दरवेळी ती वाढली, तेव्हा आधीच नोकरीत असलेल्यांची धाकधूकही वाढली. तेही आजचंच नाही.

परवाना कुठे मिळतो?

डॉक्टर होणारा वैद्यक परिषदेकडे नोंदणी करतो. वकिलाला सनद लागते. शिक्षकाला असं काही आहे का? काही देशांत आहे, तिथे शिक्षकाला परवाना मिळतो आणि तो ठरावीक काळाने नूतनीकरण करावा लागतो. आपल्याकडे 'परवाना' नावाचा कागद कुणी देत नाही. पण परवान्याचं काम करणारी व्यवस्था आहे आणि तिची मुळं बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यात, म्हणजे आपण ज्याला आरटीई म्हणतो त्यात आहेत.

२००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि कलम २१-क आलं. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क. त्या हक्कासाठी २००९ चा कायदा, आणि तो लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. या कायद्याचं कलम २३ म्हणतं की, शिक्षकाची किमान पात्रता केंद्राने नेमलेलं प्राधिकरण ठरवेल. ते प्राधिकरण म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद, एनसीटीई. या परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी अधिसूचना काढली. आजची सगळी व्यवस्था त्या अधिसूचनेवर उभी आहे.

त्यात ढोबळमानाने असं आहे. पहिली ते पाचवीसाठी: बारावीला किमान ५० टक्के गुण, दोन वर्षांची प्राथमिक शिक्षण पदविका, आणि शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण. सहावी ते आठवीसाठी: पदवी, त्यावर डी.एल.एड. किंवा बी.एड., आणि पुन्हा शिक्षक पात्रता परीक्षा. राखीव प्रवर्गांना गुणांत पाच टक्क्यांपर्यंत सवलत आहे.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. ही पात्रता कोणत्या कायद्यात आली? नोकरभरतीच्या नव्हे, मुलांच्या हक्काच्या कायद्यात. म्हणजे कायद्याने शिक्षकाला काही बहाल केलं, असं नाही. मुलाला हक्क दिला, आणि त्या हक्काचा भाग म्हणून त्याच्यासमोर उभा राहणारा माणूस तयारीचा असावा, असं सांगितलं. न्यायालयांचे पुढचे सगळे निकाल या एका दृष्टीने वाचले की कळतात. नाहीतर ते नुसते जाचक वाटतात.

पहिली पायरी: पदविका

डी.एल.एड.ला बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. कला, वाणिज्य, विज्ञान, कुठलीही शाखा चालते. दोन वर्षं. सरकारी बाजूला प्रत्येक जिल्ह्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था असते, म्हणजे 'डाएट'. बाकी अनुदानित आणि विनाअनुदानित अध्यापक विद्यालयं. एक काळ असा होता की तालुक्या-तालुक्यात अध्यापक विद्यालयं निघाली होती आणि बारावीला ऐंशी टक्के मिळवणारी मुलं डी.एड.च्या रांगेत उभी असत, कारण नोकरीची जवळजवळ खात्री होती. २०१० ला भरतीसाठी सीईटी झाली, त्यानंतर भरती आटली आणि ती गर्दीही ओसरली. कितीतरी विद्यालयं बंद पडली. आमच्याच एका वर्गात एकदा हजेरीपटावर अकरा नावं होती.

पण या दोन वर्षांत शिकवतात काय? पालक आम्हाला विचारतात, 'पहिलीच्या पोराला अ-आ-इ-ई शिकवायला दोन वर्षं कशाला लागतात?' त्यांना आम्ही एक वजाबाकी दाखवतो.

बेचाळीसमधून सतरा वजा करायचे. दुसरी-तिसरीतलं एखादं मूल उत्तर लिहितं, पस्तीस. तुम्ही-आम्ही काय करू? चूक म्हणून लाल रेघ मारू. प्रशिक्षण घेतलेला शिक्षक थांबतो आणि बघतो, पस्तीस आले कसे? चारातून एक गेला, तीन. आणि एककात? दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलाने सातातून दोन घालवले, पाच. म्हणजे मूल वेंधळं नाही. त्याने एक नियम मनाशी धरलाय: 'मोठ्यातून लहान घालवायचं.' हा नियम त्याला आधीच्या सोप्या गणितांतून मिळालाय, कदाचित आपणच शिकवलाय. आता त्याला पुन्हा 'हातचा घे' म्हणून ओरडून उपयोग नाही. त्याच्या हातात दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्यायच्या, आणि 'यातल्या सतरा मला दे' म्हणायचं. दोन सुट्या देऊन झाल्या की त्याला स्वतःलाच एक गठ्ठा सोडावा लागतो. गठ्ठा सुटला की गणित सुटतं.

हे ज्ञान गणिताच्या पदवीत मिळत नाही. एम.एस्सी. झालेल्या माणसाला बेचाळीस वजा सतरा येतंच, पण सात वर्षांच्या मुलाला ते का येत नाही, हे माहीत असेलच असं नाही. पदविकेतला बालविकास, गणिताचं अध्यापन, भाषेचं अध्यापन हा सगळा अभ्यास या एका 'का'साठी आहे.

भाषेचंही तसंच. मेळघाटात पहिलीत येणारं मूल घरी कोरकू बोलतं. नंदुरबारकडे घरात भिली किंवा पावरी. शाळेचं पुस्तक मात्र प्रमाण मराठीत. शिक्षकाने विचारलं, 'हे काय आहे?' आणि मूल गप्प राहिलं, तर ते मंद आहे म्हणायचं का? त्याला वस्तू माहीत आहे, आपला शब्द माहीत नाही. चांगला शिक्षक आधी त्याचा शब्द शिकून घेतो, फळ्यावर लिहितो, शेजारी आपला लिहितो. आमचे एक विद्यार्थी नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी अशीच वही करत होते, मुलांच्या घरच्या शब्दांची. ते म्हणाले, 'सर, पाठ टाचणापेक्षा ही वही जास्त कामाला आली.' आम्हाला त्यात काही वाईट वाटलं नाही.

तिसरी गोष्ट, बहुवर्ग अध्यापन. आरटीईप्रमाणे पहिली ते पाचवीला साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक. म्हणजे वाडी-वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन किंवा तीन इयत्ता एकाच खोलीत. पहिलीला मुळाक्षरं, तिसरीला गुणाकार, चौथीला परिसर अभ्यास, सगळं एकाच तासाला. हे जमवणं ही कला आहे, आणि ती पुस्तकातून येत नाही. म्हणून पदविकेत प्रत्यक्ष शाळेतली आंतरवासिता असते, दोन वर्षांत मिळून साधारण वीस आठवडे. आमचं मुलांना सांगणं असतं: बाकी काही चुकवा, आंतरवासिता चुकवू नका. सही घेऊन घरी जाणारा छात्राध्यापक स्वतःलाच फसवतो. पहिल्या नेमणुकीच्या दिवशी वर्गात शिरल्यावर ते कळतं.

बी.एड. का चालत नाही?

हा वादाचा मुद्दा आहे, आणि समोर काही बी.एड. झालेलेही आहेत, म्हणून जरा थांबतो.

२८ जून २०१८ रोजी एनसीटीईने नवी अधिसूचना काढली. बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवीसाठी पात्र धरलं. अट एवढीच की नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करायचा. यावर राजस्थानात वाद न्यायालयात गेला. राजस्थान उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली, आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

न्यायालयाचा मुद्दा काय होता? बी.एड. कमी दर्जाची पदवी आहे, असं त्यांनी म्हटलं नाही. बी.एड. ही माध्यमिक आणि उच्च माध्यमिकच्या मुलांना शिकवायची तयारी आहे. प्राथमिकच्या मुलाला शिकवायचं शास्त्र वेगळं आहे आणि ते पदविकेत आहे. मुलाचा हक्क गुणवत्तेच्या शिक्षणाचा आहे, म्हणून त्याला त्या कामाची तयारी केलेला शिक्षक मिळाला पाहिजे. पुढे एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने खुलासा केला की, ११ ऑगस्ट २०२३ च्या आधी नियमानुसार नेमले गेलेले बी.एड.धारक नोकरीत राहतील, पण सेतू अभ्यासक्रम त्यांना करावा लागेल.

आपल्याकडे 'बी.एड. मोठं, डी.एड. लहान' अशी उतरंड मनात बसलेली आहे. मोठ्या वर्गाचा मास्तर मोठा, बालवर्गाच्या बाई लहान. त्या उतरंडीला या निकालाने धक्का दिला, असं आम्ही मानतो. गठ्ठा सोडून दाखवणं हे स्वतंत्र शास्त्र आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं.

दुसरी पायरी: टीईटी

पदविका हातात आली. पुढे शिक्षक पात्रता परीक्षा, टीईटी. महाराष्ट्रात ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पहिली २०१३ च्या डिसेंबरात झाली. केंद्राची सीटीईटी सीबीएसई घेते, ती २०११ पासून सुरू आहे. आपल्या राज्यातल्या भरतीला दोन्ही चालतात.

पेपर पहिला हा पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. दोन्ही दिले तरी चालतं. पहिल्या पेपरात दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास. पाच भाग, प्रत्येकी तीस: बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित, परिसर अभ्यास. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० गुण. राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका.

सीटीईटी देणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथे भाषा म्हणून मराठी निवडता येते, पण बालमानसशास्त्र, गणित आणि परिसर अभ्यासाचे प्रश्न हिंदी आणि इंग्रजीतच असतात. मराठी माध्यमातून शिकलेली मुलं तिथे शब्दांवर अडतात. 'संकल्पना' कळलेली असते, पण हिंदीतली परिभाषा ओळखीची नसते. जुन्या प्रश्नपत्रिका आधी चाळून बघा.

प्रमाणपत्राची मुदत आधी सात वर्षं होती. २०२१ मध्ये ती आजीवन झाली, आणि तीही २०११ पासूनच्या प्रमाणपत्रांना लागू करून. म्हणजे जुनं प्रमाणपत्र कपाटात पडलं असेल, तर ते शोधून ठेवा.

आणि एक कडू गोष्ट. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या टीईटीतला गैरप्रकार २०२१ च्या अखेरीस पुणे पोलिसांनी उघड केला. सात हजारांहून अधिक उमेदवारांचे निकाल पुढे रद्द झाले. कुणी शेत विकलं होतं, कुणी कर्ज काढलं होतं. 'आमच्या ओळखीत एक माणूस आहे, काम होतं' असं कुणी म्हणालं, तर त्याच्यापासून लांब राहा. परीक्षा अवघड आहे, पण अशक्य नाही. विकत घेतलेला निकाल मात्र आयुष्यभर मानेवर टांगलेला राहतो.

तिसरी पायरी: टेट आणि पवित्र

इथे नावांचा गोंधळ सुरू होतो. टीईटी वेगळी, टेट वेगळी. टीईटी म्हणजे पात्रता. टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. टीईटीत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असतं. टेटमध्ये तसं काही नाही, नुसते गुण आणि त्यावरून गुणवत्ता यादी. दोनशे प्रश्न, दोनशे गुण, दोन तास. त्यात १२० गुण अभियोग्यतेला, ८० बुद्धिमत्तेला. हिशोब करा, एका प्रश्नाला ३६ सेकंद. टीईटीत एका प्रश्नाला एक मिनिट मिळतो. म्हणून दोन्हींचा अभ्यास एकसारखा करू नका. टीईटीला समज लागते, टेटला वेगही लागतो.

टेटचे गुण घेऊन पवित्र पोर्टलवर जायचं. तिथे जिल्हा परिषदा, महापालिका, नगरपालिका आणि खासगी अनुदानित संस्था यांच्या जागा येतात. उमेदवार प्राधान्यक्रम भरतो. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जागा मुलाखतीशिवाय, थेट गुणांवर. खासगी संस्थांना मुलाखतीसह किंवा मुलाखतीशिवाय असे दोन पर्याय आहेत. पूर्वी संस्थाचालकाच्या दारात जे व्यवहार चालत, त्यांना आळा बसावा हा पवित्रचा हेतू. तो बराच साधलाही आहे.

पण दुखणं वेगळं आहे, वेळेचं. पहिली टेट झाली डिसेंबर २०१७ मध्ये. दुसरी २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्ये. पहिल्या दोन परीक्षांमध्ये पाच वर्षांहून जास्त अंतर. तेविसाव्या वर्षी थोडक्यात हुकलेली मुलगी पुढच्या संधीला अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची. तोवर तिचं लग्न झालेलं, मूल झालेलं, किंवा ती कुठेतरी विनाअनुदानित शाळेत पाच-सहा हजारांवर राबतेय. परीक्षेचं वेळापत्रक म्हणजे कागदावरची तारीख नसते, एका पिढीची तरुण वर्षं असतात. आम्ही हे प्रत्येक व्यासपीठावरून सांगतो: भरती दरवर्षी होवो न होवो, चाचणीचं वर्ष तरी ठरलेलं असावं.

नेमणूक झाली की लगेच 'शिक्षक' नाही, आधी तीन वर्षं शिक्षणसेवक. ही योजना २००० सालापासूनची. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन कित्येक वर्षं महिना सहा हजार होतं. १ जानेवारी २०२३ पासून ते सोळा हजार झालं. तीन वर्षं समाधानकारक झाली की नियमित वेतनश्रेणी. आणि नेमणूक घराजवळच मिळेल असं नाही. मराठवाड्यातली कितीतरी मुलं-मुली आज रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघरला शिकवताहेत आणि आंतरजिल्हा बदलीकडे डोळे लावून आहेत. प्राधान्यक्रम भरताना हे घरच्यांशी बोलून भरा.

मागच्या रांगांसाठी

आता नोकरीत असलेल्यांकडे येतो.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी लागेल, मग नेमणूक आरटीईच्या आधीची का असेना. हे प्रकरण महाराष्ट्राशी थेट जोडलेलं होतं. ज्यांची सेवा निकालाच्या दिवशी पाच वर्षांहून कमी उरली होती, त्यांना टीईटीशिवाय निवृत्तीपर्यंत काम करता येईल, पण पदोन्नती हवी असेल तर टीईटी लागेल. ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली होती, त्यांना दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचं आहे. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला आहे.

आपल्याकडे निवृत्ती ५८ व्या वर्षी. म्हणजे त्या दिवशी चोपन्न वर्षांचे असलेले गुरुजी सुटले, आणि बावन्न वर्षांच्या बाई अडकल्या. २३ नोव्हेंबर २०२५ च्या टीईटीला कितीतरी शिक्षक आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या शेजारच्या बाकावर बसले.

राग येणं स्वाभाविक आहे. ज्या वेळी नेमणूक झाली, त्या वेळची सगळी पात्रता त्यांच्याकडे होती. पट टिकवणं, पोषण आहार, जनगणना, निवडणूक, सगळं केलं. आता म्हणे तुम्ही पात्र नाही. आम्हाला विचाराल तर यात दोन्ही बाजूंना खरं आहे. दीडशे बहुपर्यायी प्रश्नांतून पंचवीस वर्षांचं शिकवणं मोजता येत नाही, हे खरं. आणि मुलाच्या बाजूने पाहिलं तर, 'माझ्या शिक्षकाला किमान एवढं येतं' हे त्याला कुणीतरी खात्रीने सांगावं, हेही खरं. शासनाने या शिक्षकांना अभ्यासाला वेळ आणि अशैक्षणिक कामांतून सुटका द्यावी, ही मागणी रास्त आहे. पण तोवर पुस्तक बंद ठेवू नका.

पुढे काय येतंय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की, २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता व्हावी. बारावीनंतर थेट चार वर्षं, पदवी आणि बी.एड. एकत्र. काही निवडक संस्थांत हा अभ्यासक्रम २०२३-२४ पासून सुरू झालाय आणि प्रवेशासाठी राष्ट्रीय पातळीवरची वेगळी परीक्षा आहे. त्यात पायाभूत, पूर्वतयारी असे शालेय टप्पे निवडता येतात, म्हणून वर सांगितलेली बी.एड.ची अडचण तिथे तशी येणार नाही. आज बारावी झालेल्यांनी दोन्ही वाटा बघाव्यात. घरची परिस्थिती चार वर्षं थांबू देत असेल तर एकात्मिक. लवकर पायावर उभं राहायचं असेल तर डी.एल.एड., आणि जोडीला मुक्त विद्यापीठातून पदवी.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: माझं बी.एड. झालंय, टीईटीचा पेपर एकही पास आहे. पहिली ते पाचवीला अर्ज करू का?

नव्या नेमणुकीसाठी नाही चालणार. तुम्ही पेपर दोन द्या आणि सहावी ते आठवीच्या जागांकडे बघा. लहान मुलांतच रमत असाल तर डी.एल.एड. करायला लाजू नका. आमच्या वर्गात एम.ए. झालेल्या विद्यार्थिनीही होत्या.

प्रश्न: प्रवेश घेताना विद्यालय कसं पारखायचं?

पहिलं, एनसीटीईची मान्यता. तिचा क्रमांक मागा, लाजू नका. दुसरं, सरावपाठांसाठी कोणती शाळा आहे आणि मुलं तिथे खरंच जातात का, ते दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा. 'हजेरीची काळजी करू नका' असं जिथे प्रवेशाच्या दिवशीच सांगतात, तिथून उठून या.

प्रश्न: मी एक्कावन्न वर्षांची आहे. गणित सोडून तीस वर्षं झाली. कसं जमायचं?

बाई, तुम्ही पहिली ते चौथीला गणित शिकवताय ना? मग सोडलंय कुठे? पहिल्या पेपरातलं गणित तिथूनच सुरू होतं, फक्त ते थोडं वरच्या इयत्तांपर्यंत जातं. पाचवी ते आठवीची पाठ्यपुस्तकं रोज अर्धा तास सोडवा. बालमानसशास्त्राचे प्रश्न वाचताना आपल्या वर्गातलं एखादं मूल डोळ्यांपुढे आणा, उत्तर बहुतेक वेळा सापडतं. शाळेतल्या चार जणांनी मिळून अभ्यास करा. एकटं बसलं की भीती वाढते.

प्रश्न: (एका विद्यार्थिनीची आई) एवढं सगळं करून तीन वर्षं सोळा हजार. मग मुलीला यात घालावं का?

ताई, तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. नोकरीची खात्री नाही, वाट लांब आहे, मधे वर्षं जातात. फक्त नोकरी हवी असेल तर इतर परीक्षाही आहेत. पण तिला विचारा, लहान मुलांबरोबर दिवसभर बसायला आवडतं का? शेजारचं पोर चुकलं की तिला त्याचा राग येतो, की ते का चुकलं याचं कुतूहल वाटतं? कुतूहल वाटत असेल, तर तिला येऊ द्या. अशी माणसं शाळांना हवी आहेत. आणि हाताशी दुसरा पर्यायही ठेवा, त्यात कमीपणा नाही.

वेळ संपली. कागदपत्रांच्या शंका असतील त्यांनी खाली थांबा, आम्ही बसलोच आहोत.